इंग्रजीतला अबोला

पिंपरीच्या त्या कॉलनीत रंभाच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पेपरवाला तिच्या दारात घंटी वाजवत नसे, गॅसवाला सुट्टे पैसे मोजूनच यायचा आणि नवरा कोंडीराम तर कंपनीतून रिटायर झाल्यापासून प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फक्त मान हलवायचं काम करत होता. एकच बाई रंभाला भीत नव्हती. ती भिंतीपलीकडे राहायची. रंभाची थोरली जाऊ, कस्तुरा.

घर खरं तर एकच. सासऱ्यांनी कंपनीच्या पगारावर बांधलेलं, दोन भावांसाठी. पण चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी कस्तुराने गवंडी बोलावला, मधोमध भिंत घातली आणि एका घराला दोन दारं झाली. भिंत घातली तीही चार इंची. पलीकडे कुकरची शिट्टी झाली की इकडे कोंडीराम गॅस बंद करायला उठायचा.

भिंतीबरोबर अबोला आला. अबोला म्हणजे गप्प बसणं असं ज्याला वाटतं त्याने या दोघींना नळावर बघावं. नळाला दिवसाआड पाणी, नळ दोघींत एक. रंभा बादलीशी बोलायची. म्हणायची, बादलीबाई, काही लोकांना दुसऱ्याचा नंबर कळत न्हाई, डोळं हायत का बटणं? कस्तुरा आपल्या कळशीला सांगायची की बाई गं, भुंकणाऱ्याकडे आपण लक्ष देऊ नये. लेकी बोले सुने लागे, असा सगळा कारभार. पण एकमेकींकडे बघून एक शब्द नाही. भीमराज, म्हणजे कस्तुराचा नवरा, गेला तेव्हासुद्धा रंभाने रडून घेतलं ते दाराच्या चौकटीशी.

भांडण कशावरून, असं विचारलं की रंभा सांगायची, जळफळाट. दुसरं काय. रंभाला स्वतःला मूल झालं नाही. कस्तुरा भोसरीच्या एका कंपनीत कॉईल गुंडाळायला जायची, फर्स्ट शिफ्टला, उजाडायच्या आत. तिचा सिद्धेश मग कुणाकडे? रंभाकडे. नऊ वर्षं त्याला तिने न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, गोवरात रात्रभर मांडीवर घेऊन बसली. पोरगं तिला आई म्हणायचं आणि कस्तुराला मम्मी. ‘जन्म दिला की झालं का? जन्म तर मांजर पण देती,’ असं रंभा तेव्हा चारचौघींत म्हणायची आणि चारचौघी हसायच्या. मग एका आठवड्यात ती भिंत उभी राहिली. पहिले काही दिवस सिद्धेश फिरून पुढच्या दाराने आला. मग येईनासा झाला. नऊ वर्षांच्या पोराला चार इंचाची भिंत अडवत नाही, हे रंभाला कळत होतं, आणि तेच तिला खात होतं. पुढे तो बोळात समोर आला की म्हणायचा, काकी, बरं आहे ना? काकी! रंभाला तो शब्द शिवीपेक्षा लागायचा.

तोच सिद्धेश आता जर्मनीत मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. बायको तमिळ. मुलगी पाच वर्षांची, नाव मेत्ता. घरात इंग्रजी, शाळेत जर्मन, मराठी औषधालाही नाही. दर रविवारी फोन यायचा आणि भिंतीतून ऐकू यायचं, कस्तुरा ‘हॅलो बेटा, हाऊ आर यू’ एवढंच म्हणायची आणि पुढे दोन्हीकडून नुसतं हसणं. रंभा भिंतीच्या अलीकडे भांडी न वाजवता ऐकत बसायची. मनातून म्हणायची, बरी जिरली. स्वतःच्या नातीशी दोन शब्द बोलता येत नाहीत.

आणि मग कळलं की ती सगळी डिसेंबरात येणार आहेत, आणि कस्तुरा विहारातल्या इंग्रजीच्या वर्गाला जायला लागली आहे.

वर्ग आम्रपाली घ्यायची. चाकणच्या एका कंपनीत एचआरला होती, पुनावळ्यात फ्लॅट, पण बालपण या कॉलनीत गेलेलं, म्हणून रविवारी स्कूटीवरून यायची. वंदना झाली की हॉलमध्ये सतरंजीवर गोल करून बायका बसायच्या. टायरवाल्या लालमहंमदची बायको बेगमसुद्धा यायची, कारण दुकानावर सोसायट्यांतली गिऱ्हाइकं इंग्रजीत भाव करायला लागली होती.

पुढच्या रविवारी रंभा जाऊन बसली. बरोब्बर कस्तुरासमोर. कोंडीरामने विचारलं होतं, तुला गं कशाला इंग्रजी? ती म्हणाली, तिला नात हाय म्हणून तिनंच शिकायचं व्हय? ती पोर माझी कोण लागत न्हाई का? खरं एवढंच होतं की मेत्ताने एकदा आपल्याकडे बघावं, आणि आपण कोण ते कस्तुराच्या नाही, आपल्या तोंडून तिला कळावं, यापलीकडे रंभाला जगात काही नको होतं. हे ती कुणाला सांगणार नव्हती. जीव गेला तरी.

आम्रपालीची रीत वेगळी होती. पुस्तकातली वाक्यं तिला चालत नसत. मांजर चटईवर बसलंय, राम आंबा खातो, असलं काही बोललं की ती हात आडवा करायची. एका रविवारी एक क्रियापद, त्याचे सगळे अर्थ, आणि प्रत्येकीने आपल्या घरातलं खरं वाक्य करायचं. तेही वर्गातल्या एकीकडे वळून, डोळ्यांत बघून म्हणायचं, आणि जिला म्हटलं तिने तोच शब्द वापरून उत्तर द्यायचं. वर्गात मराठी बंद. आणि उदाहरणाचा राग कुणी धरायचा नाही.

हा शेवटचा नियम तिने केला तेव्हा तिला या दोन जावांची काही कल्पना नव्हती. ती लहान असताना हे कॉलनीतलं रामायण तिच्या आईने तिच्या कानावर येऊ दिलं नसावं.

त्या रविवारी फळ्यावर शब्द होता कीप. ठेवणं, सांभाळणं, पाळणं, राखणं, करतच राहणं, रोखून धरणं, असे अर्थ तिने एकाखाली एक लिहिले आणि म्हणाली, हा शब्द घरातल्या बाईसारखा आहे, पडेल ते काम करतो. बेगम म्हणाली, आय कीप टायर्स इन फ्रंट ऑफ शॉप. एकीने सांगितलं की आपण चतुर्थीचा उपास आता कीप करत नाही. मग रंभाची पाळी आली.

ती उठली. कस्तुराकडे वळली. बायका सरसावून बसल्या, कारण ही दोन तोंडं समोरासमोर आलेली कुणी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती. रंभानेही क्षणभर विचार केला. अबोला धरला तो मराठीत. इंग्रजीला त्यात धरलेलं नव्हतं.

‘यू कीप युवर इअर ऑन माय वॉल,’ ती म्हणाली. माझ्या भिंतीला तू कान लावून असतेस.

कस्तुरा शांतपणे उठली. ‘यू कीप शाउटिंग,’ ती म्हणाली. ‘नो नीड ऑफ इअर.’

तू ओरडतच असतेस, कान लावायची गरजच काय! बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आम्रपाली खूश झाली. म्हणाली, बघा, एका शब्दाचे दोन वेगळे अर्थ किती सुंदर आले. या दोघींसारखा सराव करा.

पुढच्या रविवारी ती नवीन शब्द घेऊन आली, पण बायकांनी तो घेऊ दिला नाही. कीप अजून पक्का झाला नाही म्हणाल्या. वर्ग दुपटीने भरला होता. ज्यांना एबीसीडी येत नव्हती त्याही डबे आवरून येऊन बसल्या होत्या. रंभाने आठवडाभर भाकऱ्या थापताना वाक्यं जुळवली होती. पलीकडून पुटपुटणं यायचं, म्हणजे तिथेही तेच चाललं होतं. कोंडीराम म्हणाला, तुमी दोघी एवढं शाळेत घोकलं असतं तर कलेक्टर झाला असता. रंभाने त्याला लाटणं दाखवलं.

लढाई बरोबरीची चालली होती. रंभा म्हणाली, यू कीप युवर डोअर क्लोज्ड. कस्तुरा म्हणाली, टू कीप डॉग्ज आउट. कुत्री आत येऊ नयेत म्हणून. रंभा म्हणाली, यू डोन्ट कीप युवर वर्ड. दिलेला शब्द पाळत नाहीस. भीमराजच्या तेराव्या, म्हणजे पुण्यानुमोदनाच्या, स्वयंपाकाला रंभाला बोलवीन असं कस्तुराने तेव्हा शेजारणीजवळ म्हटलं होतं, आणि बोलावलं नव्हतं. कस्तुरा म्हणाली, विथ यू आय केप्ट नो वर्ड, ओन्ली वॉल. तुझ्याशी मी शब्द राखलाच नाही, राखली ती फक्त भिंत. आम्रपाली आता हसत नव्हती. तिच्या लक्षात यायला लागलं होतं. पण नियम तिचाच होता, आणि खरं तर तिलाही पुढचं ऐकायचं होतं.

वर्ग सुटल्यावर रंभाने तिला बाजूला गाठलं आणि एक वाक्य तपासून मागितलं. आय केप्ट युवर फादर व्हेन ही वॉज स्मॉल. तुझ्या बापाला लहानपणी मी सांभाळलं. आम्रपाली म्हणाली, मावशी, इथे लुक्ड आफ्टर जास्त बरोबर. त्याचा अर्थ काय, असं रंभाने विचारलं. उत्तर यायच्या आतच तिने मान झटकली.

‘लुक म्हंजी बघणं ना? मी काय नुसती बघत बसले व्हते का? केप्टच राहू दे.’

ते वाक्य तिने पाठ केलं. ते मेत्तासाठी होतं. नळावर, गिरणीत, पीएमपीच्या थांब्यावर तिचे ओठ हलत राहायचे. पण जीभ म्हणजे जीभ. विमान यायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी, वर्ग खच्चून भरलेला बघून तिला राहवलं नाही, आणि नातीसाठी राखलेलं ते वाक्य तिने जावेच्या अंगावर टाकलं.

‘आय केप्ट युवर सन. नाइन इयर्स. यू केप्ट जॉब.’ मी तुझा मुलगा सांभाळला, तू नोकरी सांभाळलीस.

कस्तुरा उठायला वेळ लागला, गुडघे धरले होते तिचे. उठली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता, आणि तिने घाई केली नाही. एकेक वाक्य ती बाजारात नारळ वाजवून घ्यावा तसं तपासून पुढे करत होती.

‘आय कम फ्रॉम फर्स्ट शिफ्ट,’ ती म्हणाली. ‘आय कीप जिलेबी इन टिफिन. कॅन्टीन जिलेबी. फॉर हिम. यू स्टँड इन डोअर. यू से, ही इज स्लीपिंग.’

रंभाने दाराकडे बघितलं.

‘ही इज नॉट स्लीपिंग. यू टेल हिम, कीप युवर आइज शट. डोळे मिटून ठेव.’ शेवटचं तिने मराठीत म्हटलं, पण ते रंभाला उद्देशून नव्हतं. ज्यांना इंग्रजी कळलं नव्हतं त्या बायकांसाठी होतं. ‘ही टोल्ड मी. हिमसेल्फ. लाफिंग.’

त्यानेच सांगितलं. हसत हसत.

बेगमने तोंडावर ओढणी धरली. आम्रपाली खडू हातात घेऊन उभी होती आणि नियम मोडावा की पाळावा हे तिला ठरवता येत नव्हतं. उत्तर तर द्यायलाच हवं होतं, तोच शब्द वापरून. रंभाला एकच वाक्य सुचलं, शाळेच्या दारातून ऐकलेलं.

‘कीप क्वाएट,’ ती म्हणाली, आणि चपला शोधत बाहेर पडली.

घरापर्यंत ती स्वतःशी भांडत आली. खेळ होता तो. दुपारचा खेळ. लेकरू मांडीवर असायचं, बाहेर कंपनीच्या बसचा आवाज यायचा, आणि ती त्याच्या कानात सांगायची, डोळं मिट, बघू कोण जिंकतं. पापण्या थरथरायच्या त्याच्या. नाकपुड्या फुगायच्या हसू दाबताना. दारात कस्तुरा उभी असायची, केसांत कंपनीचं तेल, हातात डबा. रंभा बोट ओठांवर ठेवून सांगायची, झोपलाय गं. आणि कस्तुरा हळूच म्हणायची, असू दे, झोपू दे त्याला. डबा ओट्यावर ठेवून ती पाणी भरायला जायची. संध्याकाळी पोरगं खेळायला पळालेलं असे, रात्री जेवून रंभाच्याच कुशीत. जिलेबी डब्यात चिकटून वाळून जायची. रंभाला आठवलं की एकदा-दोनदा ती तिनेच खाल्ली होती. पण त्याने सांगितलं? मम्मीला जाऊन सांगितलं, हसत? हे तिला इतकी वर्षं माहीत नव्हतं. ती भिंतीकडे बघत राहिली. गवंडी का आला होता, ते तिला आज कळलं, आणि कळूनही ती मनात म्हणाली, म्हणून काय एवढी भिंत घालतात? वाईट वाटण्याआधी तिला राग येई. हा तिचा स्वभाव होता आणि तो या वयात बदलणार नव्हता.

मंडळी आली. टॅक्सीतून मोठाल्या बॅगा उतरल्या, बोळातली पोरं गोळा झाली, आणि रंभाने खिडकीच्या फटीतून बघितलं. मेत्ता सिद्धेशसारखी होती. हनुवटी तीच, मान वाकडी करून बघणं तेच. दोन दिवस भिंतीतून बारीक पावलं, उड्या, कार्टूनचा आवाज येत राहिला. इकडे कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सिद्धेश दूध आणायला निघाला तेव्हा थांबला. म्हणाला, काकी, बरं आहे ना? आणि पुढे गेला.

रंभाने शेवयांची खीर केली. त्याला आवडायची तशी, वेलदोडा जास्त, बेदाणे नकोत. कोंडीराम म्हणाला, जाऊ नकोस, बोलवलेलं न्हाई. ती म्हणाली, माझ्या लेकराच्या घरी जायला मला बोलावणं लागत न्हाई. स्टीलच्या कटोऱ्यावर झाकण घातलं, साडी बदलली, आणि ओठांत वाक्य घोळवत ती बोळातून वळून पलीकडच्या दारात उभी राहिली. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा. दुपारची वेळ होती. आतून हसण्याचा आवाज येत होता. तिची सावली उंबऱ्यावर पडली तसा तो थांबला.

कस्तुरा दिवाणावर बसली होती. मेत्ता तिच्या मांडीवर. सिद्धेश खाली मोबाईल घेऊन बसलेला, सूनबाई आत.

कस्तुराने बोट ओठांवर ठेवलं.

‘झोपलीय ती,’ ती म्हणाली.

मराठीत. रंभाच्या डोळ्यांत बघून. एवढ्या वर्षांचा अबोला तिने मोडला तो या दोन शब्दांवर.

रंभाने पोरीकडे बघितलं. पापण्या घट्ट मिटलेल्या होत्या आणि थरथरत होत्या. नाकपुड्या फुगल्या होत्या. पायाचा अंगठा हलत होता. झोपलेलं मूल आणि डोळे मिटलेलं मूल यांतला फरक पिंपरी-चिंचवडात या बाईइतका कुणाला कळत नसेल. जिभेवर सगळं आलं. जागी हाय ती, म्हणायचं होतं. पोरीला गदागदा हलवायचं होतं. वाक्य म्हणायचं होतं, आय केप्ट युवर फादर. तिने सिद्धेशकडे बघितलं. त्याने मान वर केली, एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा काकीकडे, आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याला सगळं कळलं होतं. मग त्याने मोबाईलमध्ये नजर घातली.

‘असू दे,’ रंभा म्हणाली. ‘झोपू दे तिला.’

कटोरा तिने उंबऱ्याच्या आत ठेवला आणि मागे वळली. घरी आली, साडी बदलली नाही, तशीच भिंतीला टेकून जमिनीवर बसली. कोंडीरामने विचारलं, भेटली का पोर? तिने हात वर करून त्याला गप्प केलं. पलीकडे कुणीतरी उडी मारल्याचा आवाज आला, आणि मग मेत्ताचा, झोपेचा लवलेश नसलेला, स्वच्छ आवाज.

‘ग्रॅनी, डू आय स्टिल हॅव टू कीप माय आइज शट?’

कुणी मराठीत सांगायला नको होतं. रंभाला आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं इंग्रजी वाक्य ऐकल्या ऐकल्या कळलं.